दोन गाद्यांचा बैल
ओल्या निशिगंधाचा वास आला की मला देवासच्या मावशीची पुढची खोली आठवते. तिचा एकुलता मुलगा नौदलाच्या जुन्या जहाजासकट बुडाला, देहसुद्धा सापडला नाही, आणि तेराव्याच्या आत एक मंत्री आणि नौदलाचे एक बडे अधिकारी निशिगंधाचं भलंमोठं पुष्पचक्र घेऊन आले. मावशीने विचारलं, “जहाज खटारा था, तो भेजा किसने?” अधिकारी म्हणाले, “हमने तो नया माँगा था, फाइल मंत्रालय में अटकी है.” मंत्री म्हणाले, “माताजी, भेजना तो नेवी तय करती है.” तेव्हा मावशी मराठीवर आली, “आमच्या एवढ्याशा देवासात दोन राजांच्या दोन गाद्या होत्या. रस्त्यात बैल मेला की थोरली म्हणे धाकटीचा, धाकटी म्हणे थोरलीचा, आणि बैल तिथेच कुजायचा. माझं पोर कुठल्या पाण्यात कुजतंय तेवढं सांगा, मेल्यांनो!” मंत्र्यांनी विचारलं, “क्या कह रही हैं?” अधिकारी पुण्याचे, त्यांना शब्द न् शब्द कळला होता. “आशीर्वाद दे रही हैं, सर.” मंत्र्यांनी हात जोडून मान वाकवली. ते अधिकारी आता निवृत्त होऊन टीव्हीवर देशाला नौदल समजावून सांगतात. मी आवाज बंद करतो. भाषांतर माझं मला येतं.