दामियाना शिडी चढते

कुणाची उणीदुणी काढायला मला आवडत नाही, असं मी म्हणणार नाही. वर पठारावरच्या आमच्या एल आल्तो शहराच्या बाजारात ज्याला ती आवडत नाहीत, त्याच्याकडे गिऱ्हाईकही फिरकत नाही. पण दामियाना कोंदोरीबद्दल सांगते ते तिच्या तोंडावर सांगून झालेलं आहे.

वाळवलेले बटाटे विकत ही बाई सारा जन्म एका बुटक्या स्टुलावर बसली. थंडी, वजन आणि हट्ट, तिन्ही गुडघ्यांत साठले. उठायचं म्हटलं की शेजारणींनी दोन्हीकडून ओढायचं, आणि उठल्यावर हिनं त्यांनाच शिव्या द्यायच्या.

तिचा मुलगा रुफिनो मिनीबस दरीत कोसळली तेव्हा गेला. खाली ला पाझच्या दफनभूमीत भिंतीतल्या कप्प्यांत माणसं ठेवतात. तोंडाला काच, काचेमागे फोटो. त्याच्या वाट्याला सगळ्यात वरचा कप्पा आला. दरवर्षी मृतांच्या सणाला शिडीवाला फुलं घेऊन वर चढे आणि ही खालून ओरडे, "अरे, डावा कोपरा राहिला! तुझ्या आईची काच असती तर अशीच पुसली असतीस?" सून तोवर दुसरं लग्न करून सांता क्रूझला निघून गेली होती. कुणाबरोबर ते मला ठाऊक आहे, पण राहू दे.

मग दफनभूमीनं कळवलं, भाड्याची मुदत संपली, येत्या सणानंतर कप्पा रिकामा करणार. दामियाना म्हणाली, "एकदा तरी मी वर जाणार. माझ्या हातानं काच पुसणार."

"तू? अगं, तुला स्टुलावरून उठवायला क्रेन लागते!" मी म्हटलं.

म्हणून ती आमच्यात आली. आम्ही म्हाताऱ्या आरोग्यकेंद्रामागच्या मैदानात घागऱ्यांवरच हँडबॉल खेळतो. त्याआधी ग्लाडिस नावाची नर्स व्यायाम घेते. पहिल्याच दिवशी तिनं खुर्ची पुढे केली, अदबीनं म्हणाली, "हात न टेकता उठायचं, दोन्या दामियाना."

"भिंतीला हात न टेकता माझा नवरासुद्धा कधी गुत्त्यातून घरी आला नाही, पोरी!"

हसलो सगळ्या. पण ती रोज आली. पायरीवर चढउतार, टाचा उचलणं, भिंतीला रेटणं. सुरुवातीला रात्री कण्हायची. हळूहळू झोप लागू लागली, चढणीवर धाप लागेना. एके दिवशी खुर्चीतून अशी सहज उठली की आपण उठलोय हे तिलाच उशिरा कळलं. चेंडूही झेलायला लागली, आणि माझ्या नाकावर मारायलाही.

सण आला. शिडी आम्ही तिघींनी धरली. एका हातात घागरा, दातांत फडकं, अशी ती चढली. वर पोचली आणि थांबली. फार वेळ थांबली. मागे शिडीसाठी माणसं ताटकळली. शिडीवाला ओरडला, "आजी, तिथंच राहायला जाताय का?"

एरवी तिनं त्याचं खानदान उद्धरलं असतं. आज तिनं फडकं कमरेला खोचलं.

उतरली सावकाश, नीट, एकेक पाऊल टाकत. मी विचारलं, "काय गं, भेटला?"

"फोटोतलं तोंड उडालंय. नुसता पांढरा कागद राहिलाय. खालून मला वाटायचं, काचेवर ऊन चमकतंय."

दुसरा फोटो घरात नव्हता. होता तो सुनेनं नेला. मी शिडीवाल्याला गाठलं. "तुला माहीत होतं ना रे?"

"त्या नेहमी कोपऱ्याचं विचारायच्या, आजी," तो खाली बघत म्हणाला. "फोटोचं कधी विचारलंच नाही."

बसच्या थांब्यापर्यंत उभी चढण आहे. दामियाना न थांबता चढून गेली, आम्हीच मागे धापा टाकत राहिलो. गाठलं तेव्हा ती रस्त्याकडे पाठ करून उभी होती.

"थोडे तरी दुखायला हवे होते गं," ती म्हणाली. "गुडघ्यांसाठी रडतेय, असं म्हणता आलं असतं."

आणि उभ्यानंच रडली. बस आली, गेली. आमच्यापैकी कुणीही हात केला नाही.