मामाची मांडी

माझी लेक आणि मुलगा, दोघं सख्खी भावंडं. लेकीचं घर हेलसिंकीत, मुलाचं सेंट पीटर्सबर्गमध्ये. पूर्वी या दोन शहरांत थेट आगगाडी होती. सकाळी बसलं की दुपारी जेवायला पोचायचं. मुलगा त्या गाडीने बहिणीकडे भाऊबिजेला जायचा, आणि इकडे कळमनुरीत मला दोघांचा ओवाळतानाचा फोटो यायचा.

मग युद्ध सुरू झालं आणि फिनलंड-रशियाचं बिनसलं. आधी गाडी थांबली. मग दोघांनी एकमेकांचे अधिकारी परत धाडले, फिनलंडच्या वकिलातीची सेंट पीटर्सबर्गमधली कचेरी बंद झाली, शेवटी सीमेवरचे रस्तेसुद्धा.

तेव्हा नातवाचं जावळ काढायचं होतं. आपल्याकडे लेकराचे पहिले केस मामाच्या मांडीवर उतरवतात, पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षी. मी लेकीला म्हणाले, थांब. इथे दोन घरांचं बोलणं तुटलं तरी कार्य निघालं की तिसऱ्या घरचं कुणी मध्ये पडतं आणि दोन्ही घरं एका पंगतीला बसतात. देशांचंही तसंच होईल, असं मला वाटलं. जन्मभर इंग्रजी वर्तमानपत्र वाचूनही वाटलं.

तिसरं वर्ष संपत आलं, तेव्हा सगळ्यांनी इथेच जमायचं ठरलं. लेक नातवाला घेऊन आली. मुलाची रजा मात्र त्याच्या रुग्णालयाने ऐन वेळी रद्द केली. लेकीचं परतीचं तिकीट बदलणार नव्हतं.

न्हाव्याने अंगणात पाट मांडला. "मामा कुठं हाय?"

"रशियात," लेक म्हणाली.

"मंग? येऊन राहिला का न्हाई?"

लेकीने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा शेजारीण म्हणाली, "काहून थांबता, बाई? माझा लेक हाय की. आजच्यापुरता मामा. टावेल-टोपी तेवढी बराबर द्या, न्हाईतर रुसून बसंल."

आम्ही हसलो. लेक म्हणाली, "दादाला व्हिडिओवर तरी दाखवू." तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. तिकडे असे कॉल आता लागत नाहीत.

शेजारणीचा लेक पाटावर बसला. नातवाने मामा फक्त फोनमध्येच पाहिलेला. त्याने या माणसाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"हा मामा?"

"व्हय," तो माणूस म्हणाला.

मग नातू त्याच्या मांडीवर मुकाट बसला, मान खाली घालून. लेक घरात निघून गेली.

संध्याकाळी मुलाचा निरोप आला. सकाळी पाठवलेला, तेव्हा पोचला. "आई, पाचव्या वर्षी चालत असेल तर थांबा. मीच मांडीवर घेईन."

केस अजून वाटीतच होते, कयाधू नदीत सोडायचे राहिलेले. लेकीने निरोप वाचला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं, "झालं. रडला नाही."