भिंतीवरचा साल्वू

रीटा झमितने मेलबर्न बंदराच्या धक्क्यांकडे तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तिचा नवरा साल्वू तिथेच गेला, गव्हाच्या जहाजाच्या तळात पडून. माल्टाहून दोघं एकत्र आली होती. पुढे मुलाला, लिनोला, तिने एकटीने वाढवलं, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवून.

आता तिथे पाण्याच्या कडेने दुकानं, हॉटेलं आणि पोरांचे पाळणे झाले होते. लिनो म्हणाला, "आई, किती वर्षं रुसून बसशील? तुझ्या नातीचा, जोडीचा, वाढदिवस आहे, चल." नातीचं मन तिला मोडवेना.

सकाळभर ती त्यांच्यामागून हिंडली. जिथे गोदाम होतं तिथे बुटांचं दुकान होतं. आइस्क्रीम झालं, नावेतून फेरी झाली. दुपारी लिनोने एका झकपक हॉटेलात टेबल धरलं, आणि बसता बसता रीटा तशीच उभी राहिली.

समोर भिंतीवर एक मोठा फोटो होता. जहाजापुढे उभे बाराजण, घामाने चिंब. डावीकडून तिसरा साल्वू. खाली पितळेच्या पट्टीवर लिहिलं होतं : 'अनामिक कामगार'.

तिने मॅनेजरला बोलावलं. पोरगेलाच होता.

"छान आहे ना, आजी? सजावटवाल्यांनी निवडलाय. जुन्या काळाचा जरा वास यावा म्हणून."

"त्या वासाचे शर्ट मी रोज धुतलेत," रीटा म्हणाली. "हा माझा नवरा. नाव आहे त्याला."

मॅनेजर हसला. "तुम्हाला आमच्याकडून एक कॉफी देऊ का?"

"कॉफी मागितली का मी?"

लिनो कुजबुजला, "आई, लोक बघतायत."

"बघू देत. बाप भिंतीवर टांगलाय आणि तू मेनू वाचत बस."

लिनोने मेनू खाली ठेवला. जोडीने पर्समधून पेन काढलं. आजी सांगत गेली आणि तिने कागदी रुमालावर सात नावं लिहिली. उरलेली पाच आजीला आठवेनात. मॅनेजरने रुमाल घडी करून खिशात टाकला. "वर कळवतो," म्हणाला. न जेवताच तिघं बाहेर पडली.

तीन आठवड्यांनी रीटा जोडीला घेऊन पुन्हा गेली. भिंतीवर आता निळ्या शिडाच्या होड्यांचं चित्र होतं.

"वरून निरोप आला, वाद नको," मॅनेजर म्हणाला. "म्हणून काढून टाकला."

"वाद कुठला? मी नाव लावा म्हटलं होतं. माणूस काढा म्हटलं नव्हतं." "कुठे टाकलात?"

तो मागच्या दाराकडे बघत राहिला. रीटा कुणाला न विचारता सरळ स्वयंपाकघरातून मागे गेली. कचऱ्याच्या डब्यांना टेकवून फोटो उभा होता, एका कोपऱ्याला तेल लागलेलं. दोघींनी तो उचलला, पुढच्या दाराने, जेवणाऱ्या लोकांच्या मधून बाहेर आणला आणि ट्राममध्ये चढवला. मॅनेजरने अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं रीटाला वाटलं. तिला अजून बरंच बोलायचं होतं.

उरलेली पाच नावं तिने वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून मिळवली. दोघींचे तर नवरेच त्यात निघाले. फोटो आता माल्टीज मंडळाच्या हॉलमध्ये आहे, खाली बारा नावं.

"आता तरी राग गेला ना, आई?" लिनोने विचारलं.

"का जावा?" रीटा म्हणाली. "त्यांनी अजून माफी मागितलेली नाही."