खिशातलं इंटरनेट

मला धीर नाही. दवाखान्यात नंबर लावून बसलो तरी दोनदा उठून दाराच्या फटीतून आत डोकावतो. चहाला उकळी यायच्या आत गॅस बंद करतो आणि मग पांचट चहा पितो. त्यामुळे कंपनीतल्या साहेबांनी नवीन घेतल्यावर त्यांचं जुनं ऑर्गनायझर मला देऊन टाकलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

तळहाताएवढी, करड्या पडद्याची वस्तू. प्लॅस्टिकच्या काडीने टोचून टोचून लिहायचं. फोनला अजून कॅमेरे आले नव्हते तेव्हाची गोष्ट. बाकीचे लोक त्यावर पत्ते आणि मीटिंगा ठेवत. मला मात्र त्यावर इंटरनेट बघायचं होतं आणि ते बघता येतं हे मी खटपट करून शोधून काढलं. माझ्या मोबाइलच्या डोक्यावर एक काळी काच होती, तशीच त्या यंत्राच्याही. दोन्ही काचा समोरासमोर, वीतभर अंतरावर, जराही न हलवता ठेवायच्या. मग मोबाइल इंटरनेटचा नंबर फिरवायचा आणि चार-पाच मिनिटांत पडद्यावर एकेक ओळ उतरायला लागायची. चित्रं नाहीत, मराठीच्या जागी नुसते चौकोन. पण इंग्रजी दिसायचं. मी कुठल्या कुठल्या देशांचं हवामान बघत बसायचो.

चालत्या बसमध्ये हे जमत नसे. भर उन्हातही जमत नसे, त्या काचांना एकमेकींचा उजेडच दिसत नसे. म्हणून चाकणला शिफ्ट सुटली की निगडीची बस येईपर्यंत मी चौकाजवळच्या एका मेकॅनिकच्या शेडमध्ये बसायचो. माझी स्कूटर त्याच्याकडेच असायची, बरेचदा उघडलेल्या अवस्थेत. तो लातूरकडचा, पहिल्यांदा हा प्रकार बघून म्हणाला, "क्या भाऊ, लग्न लावायलाव का या दोघांचं? अंतरपाट धरू का मी?" आणि खरंच ऊन अडवायला त्याने एक तेलकट पुठ्ठा आडवा धरला. पुढे तो पुठ्ठा माझ्यासाठी राखूनच ठेवलेला असे.

त्याच दिवसांत माझ्या बायकोने एका सरकारी प्रयोगशाळेच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली होती. फॉर्म लग्नाआधी भरलेला, त्यामुळे पत्ता माहेरचा, चाकणजवळच्या खेड्यातला. त्या जागेसाठीची तिची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. म्हणजे ही शेवटची खेप. निवडलेल्यांची यादी वेबसाइटवर लागणार होती आणि पत्रही येणार होतं. ती म्हणाली, "मी कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन बघत जाते." मी म्हणालो, "कॅफेत कशाला? माझ्या खिशात इंटरनेट आहे."

रोज दुपारी मी यादीचं पान उघडायचो. वरच एक ओळ असायची: रिझल्ट अवेटेड. ती ओळ दिसली की मी झाकण मिटायचो. खाली काय आहे ते बघायला काडीने पान सरकवावं लागे, एकेका सरकण्याला जीव जायची वेळ, आणि एवढा वेळ थांबायचं कुणी? घरी पोचलो की ती दारातच विचारायची. मी म्हणायचो, "अजून नाही." तिचा चेहरा उतरायचा आणि माझीच चिडचिड व्हायची, जणू ती माझ्यावर अविश्वास दाखवत होती.

मग बकरी ईद आली. मेकॅनिक शेड बंद करून गावी गेला. मी बसच्या थांब्यावर, उन्हात उभ्या उभ्याच पान उघडायला लागलो. गंमत म्हणजे ते आता चटकन उघडायचं. मला वाटलं, लाइन सुधारली.

दहाव्या दिवशी सासरे आले. घामाघूम. कांदा काढणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, तशातून निघून आलेले. त्यांनी बंडीच्या खिशातून एक पाकीट काढलं. इंग्रजी पाकीट म्हणून त्यांनी ते न फोडता देव्हाऱ्यात ठेवलं होतं, आठवडाभर. हिने ते फोडलं, वाचलं आणि खाली बसली. अस्सल कागदपत्रं घेऊन हजर राहायची तारीख दोन दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

"पण तुम्ही रोज बघत होतात ना?" तिने मला विचारलं.

"रोज. हे बघ." मी पान उघडून दाखवलं. रिझल्ट अवेटेड. तिने काडी माझ्या हातातून घेतली आणि पान सरकवायला सुरुवात केली. सावकाश, थांबत थांबत, ती तळापर्यंत गेली. तिथे बारीक अक्षरात पान उतरल्याची तारीख होती, दहा दिवसांपूर्वीची. जोडणी जमली नाही की ते यंत्र तक्रार न करता मागच्या वेळचं साठवलेलं पान पुढे ठेवायचं. मी दहा दिवस तेच शिळं पान वाचत होतो आणि यादी कधीच लागून गेली होती.

तिने ऑर्गनायझर माझ्या हातात दिलं.

सासरे भिंतीला टेकून बसले होते. "माज्यामुळं झालं पोरी," ते म्हणाले. "कांद्याच्या नादात ऱ्हायलं. मला काय ठावं, यवढं महत्त्वाचं आसंल."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मी म्हणालो, "असू द्या मामा, होतं असं." चूक त्यांचीच होती आणि मी ती पोटात घातली, अशा थाटात. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

ते गेल्यावर ही एवढंच म्हणाली, "त्यांना सांगा. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं." सांगतो म्हणालो. दिवाळीला सांगतो, जत्रेला गेलो की सांगतो. एरवी दोन मिनिटं दम न धरणारा मी, या एका गोष्टीला वीस वर्षं थांबलो आहे. ती नंतर शिकवण्या घेत राहिली. पुन्हा अर्ज करायचा प्रश्नच नव्हता.

आता आम्ही रावेतला राहतो. सासरे ऐंशीच्या पुढे गेलेत. गावाकडच्या पत्त्यावर हिच्या नावाचं काहीही आलं की ते त्याच दिवशी निघतात. फोन करा, आम्ही येऊन नेतो, असं किती वेळा सांगितलं. ऐकत नाहीत.

गेल्या महिन्यात असेच भर दुपारी आले, दोन बस बदलून, निगडीपासून पुढे उभ्याने. श्वास लागला होता. खिशातून पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "सकाळी आलं, पाव्हणं. लगीच निगालो. उशीर नगं."

मी पाकीट फोडलं. विम्याची जाहिरात होती.

"कामाचं हाय का?" त्यांनी विचारलं.

ही पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"हो," मी म्हणालो. "बरं झालं मामा, लगेच आणलंत."

तिने तांब्या त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलं नाही.