वीतभर जागा सोडणारी आत्या

इमारतीत अशी बातमी पसरली होती की तिसऱ्या मजल्यावरची आत्या लोकांचे कॉम्प्युटर फ्रिजमध्ये ठेवते. तळमजल्यावरच्या आजी तर शपथेवर सांगायच्या, "अगं बाई, या डोळ्यांनी पाहिलाय! काकड्यांच्या शेजारी लॅपटॉप, तोही उघडा!"

पाहिला होता, यात खोटं काही नाही. पण स्वतःच्याच फ्रिजमध्ये. ठेवला होता आजींच्या जावयांनी. लॅपटॉप तापतोय म्हटल्यावर त्यांनी त्याला भाजीच्या कप्प्यात झोपवला, तासाभराने बाहेर काढला आणि त्याच्या अंगाला पाणी सुटलेलं बघून त्यांच्या स्वतःच्या अंगाला घाम सुटला. चालू करायला बोट पुढे गेलंच होतं, तेवढ्यात आत्या जिन्यातून ओरडली, "जावईबापू, हात मागे!" तिने तो लॅपटॉप तीन दिवस कोरड्या कपाटात पडू दिला, मगच बटण दाबलं. लॅपटॉप जगला. पण नाव कुणाचं झालं, तर फ्रिजचं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. सव्वीस वर्षं ती फळांच्या शीतगृहात नोकरी करते. तिथे तिचं काम एकच: कुठल्या खोलीत किती थंडी आहे ते बघायचं आणि नसेल तर का नाही ते शोधायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने सफरचंदांची खोकी भिंतीला अगदी चिकटवून, शिस्तीत, वर छतापर्यंत रचली होती. साहेबांनी पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी मधली सगळी रांग नासली. यंत्र ठणठणीत, खोली गार, आणि तरी माल सडला, कारण हवेला फिरायला जागाच ठेवली नव्हती. त्या दिवसापासून आत्या कुठलीही वस्तू भिंतीपासून वीतभर लांब ठेवते. कपाट, पलंग, फ्रिज. एकदा पाहुणे आले तर त्यांनाही म्हणाली, "जरा पुढे सरकून बसा, मागून हवा जाऊ दे."

घरोघरचे कॉम्प्युटर ती कसे बघायला लागली ते तिलाही सांगता येत नाही. बाबांचा बंद पडला, तिने बघितला, मग शेजाऱ्यांचा, मग शेजाऱ्यांच्या मेहुण्याचा. पण तिची पद्धत दुकानातल्या माणसासारखी नाही. तो आल्या आल्या स्क्रू काढतो. आत्या आल्या आल्या चहा मागते. मग कॉम्प्युटरशेजारी जमिनीवर फतकल मारून बसते, पालथा हात त्याच्या अंगाला लावते, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि पातळ कागदाची पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरते. पट्टी आत ओढली गेली की हवा आत जातेय, बाहेर फडफडली की बाहेर येतेय, आणि लोंबकळत राहिली तर आत्याच्या कपाळाला आठी. "हे बघा, घाई नाही," असं म्हणते आणि पुढची सगळी वाक्यं घाईत बोलते. तिच्या या बोलण्याची मी घरात आणि शाळेत हुबेहूब नक्कल करते.

दुसऱ्या मजल्यावरच्या फर्निचरवाल्या ताईने रविवारी सकाळी दहाला दार वाजवलं तेव्हा तिचा चेहरा रात्रभर परीक्षेचा अभ्यास केल्यासारखा होता. ताई फर्निचरची डिझाइनं करते. संध्याकाळी पाचला नव्या वाचनालयाची समिती तिच्या घरी येणार होती. वाचनालयाचं सगळं फर्निचर मिळालं असतं तर ते तिचं पहिलं मोठं काम. त्यासाठी तिला खऱ्यासारखं दिसणारं एक चित्र कॉम्प्युटरवर तयार करायचं होतं. ते पुरं व्हायला मशीनला सलग चार तास राबावं लागतं, आणि मशीन विसाव्या मिनिटाला मान टाकत होतं.

"आत्या, दुकानात दोनदा नेऊन आणला! तो म्हणतो, 'मॅडम, मशीन एकदम ओके. आमच्याकडे दोन दिवस चालवली, हूं नाही की चूं नाही. तुमच्या घरातच कायतरी लोचा आहे. नाहीतर मग नवीनच घ्या ना!'"

"बरोबर बोलला तो," आत्या चपला चढवत म्हणाली.

"नवीन घेऊ?"

"नाही गं. घरात लोचा आहे म्हणाला ना, तेवढंच."

मीही मागोमाग गेले. ताईच्या खोलीत कॉम्प्युटर दिसेचना. दिसत होतं ते टेबल: ताईने स्वतः आखलेलं, गुळगुळीत, एक खिळा दिसेल तर शपथ. कॉम्प्युटर त्याच्या पोटात, एका बंद कप्प्यात. बाहेरून दार, मागून फळी. ताई कौतुकाने म्हणाली, "बघा, एक वायरसुद्धा दिसत नाही."

"कॉम्प्युटरलाही काही दिसत नाही," आत्या म्हणाली. "लाव चित्र करायला, आणि तापमानाचा आकडा पडद्यावर दिसू दे."

चहा आला. आकडा चढला. एकाहत्तर. चौऱ्याऐंशी. आत्याने कप्प्याच्या दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरली, ती मेल्यासारखी लोंबकळली. शहाण्णव. फट्, पडदा काळा.

मग आत्याने मशीन बाहेर काढून स्टुलावर ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं. आकडा बाहत्तरवर जाऊन गप बसला.

"पंखे तोच वारा पुन्हा पुन्हा पितायत," ती म्हणाली. "तोंडावर पांघरूण घेऊन झोपल्यासारखं. हे असंच स्टुलावर चालव, पाचच्या आत चित्र होईल."

ताईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तिचा चेहरा उलट आणखी पडला. "आत्या, त्यांना अशीच बारा टेबलं हवीयेत. हेच टेबल बघायला येतायत ते."

"म्हणजे बारा भट्ट्या," आत्या म्हणाली.

ताईने टेबलावरून हात फिरवला. "कुठे कापू?"

मशीन आधी शेजारच्या खोलीत नेलं, लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून. आत्याने वीत टेकवून पेन्सिलीने दोन खुणा केल्या: थंड हवा घ्यायला खाली पुढे एक, गरम हवा सोडायला वर मागे एक. करवत ताईने स्वतः चालवली, ओठ घट्ट मिटून. टेबल भिंतीपासून किती पुढे ओढायचं, ते कुणी विचारलंही नाही. भुसा पुसला, मशीन आत ठेवलं, दार लावलं. तेव्हा साडेबारा वाजत आले होते.

"स्टुलावरच चालवू या ना," मी म्हटलं. "दोन भोकांनी काय होतंय! तासाभरात पुन्हा फट्."

ताई माझ्याकडे बघेना. आत्या बघू लागली. "लावतेस पैज?"

"लावते."

"बंद पडलं तर महिनाभर तू म्हणशील ते. नाही पडलं तर आठ दिवस माझी नक्कल बंद. इथेही नाही, शाळेतही नाही."

"ताई, तुम्ही साक्षीदार!"

"मला यात ओढू नका गं," ताई म्हणाली, "माझी अख्खी समिती त्या कप्प्यात बसलीये."

पहिला तास आम्ही तिघी पडद्यासमोर बसलो. आकडा सत्तर, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. माझ्या मनात लाडू फुटले. एकोणऐंशी. आत्याने उठून मागच्या भोकाशी पट्टी धरली. पट्टी पतंगासारखी उडत होती. "हं," एवढंच म्हणून तिने दुसरा चहा मागितला. आकडा एकोणऐंशीवर थांबला आणि दोन वाजता, तीन वाजता, चार वाजताही तिथेच राहिला. साडेचारला चित्र पुरं झालं. ताईने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि आत्या म्हणाली, "अगं, केसांत भुसा आहे तुझ्या, विंचर आधी. माणसं येतायत."

माणसं आली. चित्र बघून माना डोलल्या. पण त्यातले एक टक्कलवाले काका वाकून टेबलामागे गेले आणि त्यांनी भोकापाशी हात धरला. "हे काय? इथून गरम वारा येतोय."

ताईने सरळ सांगून टाकलं: सकाळपर्यंत हे भोक नव्हतं, का नव्हतं, आणि सकाळी मशीन कसं बंद पडत होतं. काकांनी बाकीच्यांकडे बघितलं. "आपल्या जुन्या वाचनालयातल्या टेबलांत कॉम्प्युटर का मरतात ते आज कळलं," ते म्हणाले. बारा टेबलं ठरली, भोकांसकट.

जिना चढताना आत्या फार खुशीत होती. "हे बघ, घाई नाही," ती म्हणाली, "पण आठ दिवस आजपासून मोजायचे की उद्यापासून?"

उत्तर तिच्याच आवाजात जिभेवर आलं होतं. ते गिळून मी माझ्या आवाजात म्हटलं, "आजपासून."