जिवाला धोका

माझ्या बायकोला यातलं अर्धं ठाऊक आहे, आणि तेही मी सांगितलं तसं. बाकी कुणाला काहीच नाही. भावाला नाही, पोरांना नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढं बोलायला लागलो की मी गोष्ट थोडी फिरवतो — ती सवय आता हाडात मुरलीय.

लासुर्ण्यात माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. गाव मला तात्या म्हणतं. घरचा थोडा ऊस आहे, दोन्ही पोरं शिकून बाहेर आहेत, कुणाशी वैर नाही. हे शेवटचं नीट ऐका. माझ्या जिवावर उठावं असा एकही माणूस इंदापूर तालुक्यात नव्हता, बारामतीतही नव्हता. आणि तरी गेली अकरा वर्षं माझ्या पँटीच्या उजव्या खिशात पिस्तूल असतं. लायसन्सचं, कायदेशीर. कागद सगळे जागेवर आहेत. कागदांबद्दलच बोलायचंय मला.

हे सुरू कुठून झालं? बारामतीतल्या एका लग्नातून, बहुतेक. माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, तिकडं जमिनींचे व्यवहार करतात. जेवायला बसताना ते वाकले आणि जाकिटाखालून पिस्तुलाची मूठ दिसली. क्षणभरच. पण मुलीच्या बापानं ती पाहिली. तो स्वतः उठून आला, मेहुण्यांना पुढच्या टेबलावर घेऊन गेला, शेजारी उभा राहून वाढायला लागला. मी होतो तिथंच राहिलो. माझ्या पानात दुसऱ्यांदा कुणी काही वाढलं नाही.

एवढ्यावरून? हो — एवढ्यावरूनच. याहून मोठं कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

घरी परतताना मी मेहुण्यांपाशी विषय काढला. ते हसले. म्हणाले, "दाजी, हौस हाय म्हणून लायसन मिळत न्हाय. जिवाला धोका लागतो. आन् धोक्याला कुणाचं तरी नाव लागतं."

ते सहज बोलून गेले. मी मात्र त्या दिवसापासून नाव शोधायला लागलो. दुकानात गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडं बघायचो — हा चालेल का? तो चालेल का? असं कधी कुणाकडं पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. महिनाभर.

आणि मग सोपान.

सोपानचं रान माझ्या रानाला लागून होतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अंगानं धिप्पाड, पण आवाज इतका खालचा की दोनदा विचारावं लागायचं. एका शाळेच्या बसवर तो ड्रायव्हर होता. घरात बायको आणि एक मुलगी, मनीषा. उन्हाळी आवर्तन चालू होतं, कॅनॉलचं पाणी चारीतून पाळीपाळीनं यायचं. माझी पाळी संपली होती आणि मी चारीचं दार बंद केलं नव्हतं. मुद्दाम? — हो, मुद्दाम. उसाच्या चार सऱ्या भिजायच्या राहिल्या होत्या.

सोपान बांधावर आला. म्हणाला, "तात्या, माझी येळ सुरू झालीया. तेवढं दार लावता का?"

चूक माझी होती म्हणूनच मी आवाज चढवला. नको ते बोललो. तो ऐकून घेत उभा राहिला. मी तणतणत दाराकडं निघालो आणि चारीच्या कडेला चिखलात माझा पाय सरकला. मी पडतच होतो. सोपाननं झेप घेऊन माझा दंड धरला आणि मला वर ओढलं. "सांभाळून," म्हणाला. खाली वाकून त्यानं माझी चप्पल चिखलातून काढून दिली. एवढंच घडलं. यापलीकडं काहीही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात दिसलं — दंडावर त्याच्या बोटांचे निळे वळ उमटले होते. चार बोटं, एक अंगठा. मी ते किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. साबण गालावर वाळून गेला.

त्या दुपारी मी पोलिसांत गेलो. तक्रारीत लिहून दिलं की पाण्याच्या कारणावरून सोपाननं माझ्या अंगावर हात टाकला, मला चारीत ढकलायला बघितलं आणि 'तुला एक दिवस संपवतो' अशी धमकी दिली. शर्टाची बाही वर करून वळ दाखवले. लिहून घेणाऱ्यानं मान हलवली. वळ खरे होते ना.

संध्याकाळी त्यांनी सोपानला बोलावून घेतलं. मी समोरच बसलो होतो. त्याला तक्रार वाचून दाखवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही — हे मला विसरता येत नाही. त्याला वाटलं, माझा काहीतरी गैरसमज झालाय. तो म्हणाला, "साहेब, ते पडत हुते, मी सावरलं त्यास्नी." आणि माझ्याकडं वळून, अगदी समजुतीनं, "तात्या, आठवा की जरा."

तेव्हा मागं फिरता आलं असतं. माणसाला फिरायची जागा एकदा तरी मिळतेच, मला तिथं मिळाली होती. मी टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणालो, "मला सगळं आठवतंय."

पुढं त्याच्यावर चॅप्टर केस झाली. शांतता राखीन, कुणाच्या अंगावर जाणार नाही, असं लिहून घेण्यासाठी त्याला इंदापूरला तहसील कचेरीत तारखांना बोलवायला लागले. घरी बायकोनं एकदाच विचारलं, "आवो, सोपानभाऊजी असं करतील व्हय?" मी म्हणालो, "वळ काय आपोआप उठलं का?" दंडाला हळद तिनंच लावली होती.

आता पिस्तुलाचं सांगतो. त्या तक्रारीची नक्कल जोडून मी लायसन्सचा अर्ज केला होता. लायसन्स हातात पडायच्या आधीच मी मेहुण्यांबरोबर पुण्याला एका बंदुकीच्या दुकानात जाऊन आलो. मुलगी बघायला जावं तसा इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. दुकानदार म्हातारा, शांत माणूस. त्यानं काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि एकेक हत्यार रिकामं करून माझ्यापुढं ठेवलं. पहिलं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर — भरवशाचं, पण मधला गोळ्यांचा गोल फुगीर, खिशात घातलं की लिंबं भरल्यासारखं दिसायचं. दुसरं नेहमीचं बत्तीस बोअरचं पिस्तूल. हाताला भारी वाटलं, मूठ भरून यायची, पण वजनानं पँट एका बाजूला ओघळायची. तिसरं जुनं परदेशी, पंचवीस बोअरचं, पान-तंबाखूच्या चंचीएवढं — तळहातात मावायचं. ते मला फार आवडलं. दुकानदार म्हणाला, मुठीवर दोनच बोटं बसतात, उडवताना हातात राहत नाही, आणि गोळ्या मिळायची मारामार. शेवटी त्यानं एक आखूड बत्तीस बोअर काढलं. चपटं, कडा घासून गोल केलेल्या, मागं घोडा बाहेर आलेला नाही, म्हणजे काढताना खिशाच्या अस्तरात अडकायची भीती नाही.

मी ते खिशात घालून दुकानभर चाललो. खुर्चीत बसलो, उठलो. बुटाची नाडी बांधल्यासारखा वाकलो. आरशात बाजूनं बघितलं. अर्धा दिवस मी हेच करत होतो — कुठलं उठून दिसतं, कुठलं दिसत नाही, आणि कुठलं जेवढं दिसायला हवं तेवढंच दिसतं.

"रोज बाळगणार, की घरी ठेवणार?" दुकानदारानं विचारलं.

"रोज."

"मग एक विचारतो. धोका कितपत जवळचा आहे? समोरचा किती अंतरावरून येईल असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हणालो, "हाताच्या अंतरावरून."

बोलताना माझा आवाज कापला. खोटा नाही, खरंच कापला. दुकानदारानं सहानुभूतीनं माझ्याकडं पाहिलं आणि ते चपटं पिस्तूल बाजूला काढून ठेवलं. त्या दिवशी सोपानची तारीख होती. तो इंदापुरात कचेरीच्या व्हरांड्यात बसला असणार, हे मला माहीत होतं. जेवताना आठवलंसुद्धा. मी जेवलो.

लायसन्स आलं, पिस्तूल आलं. लोक खुर्च्या देऊ लागले का? देऊ लागले. लग्नात पुढं बसवू लागले. त्याच सुमारास शाळेनं ड्रायव्हर लोकांची पोलीस पडताळणी मागितली. सोपानच्या कागदावर माझी तक्रार आली. पोरांच्या गाडीवर असला माणूस नको, असं पालकांचं म्हणणं पडलं, आणि त्याला काढून टाकलं. बारा वर्षं त्यानं ती बस चालवली होती. गाडीला कधी ओरखडा नव्हता.

एका दुपारी तो दुकानात आला. तीन-चार गिऱ्हाइकं होती. तो पायरी चढला आणि म्हणाला, "तात्या, एवढं दोन वळी लिवून द्या शाळंला. भांडण मिटलं म्हणून. तुमी खोटं बोलला असं न्हाय म्हणत मी. नुसतं मिटलं म्हणा."

म्हणजे त्यानं मला मार्ग काढून दिला होता, माझी अब्रू राखून. दोन ओळी. पुढ्यात पेन होतं, दुकानाचं लेटरहेड होतं. आणि मी काय केलं? उजवा हात खिशात घातला.

काढलं नाही मी काही. नुसता हात घातला आणि तसाच ठेवला. सोपाननं माझ्या खिशाकडं बघितलं. ते काय आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. "ऱ्हाऊ द्या, तात्या," तो म्हणाला आणि उलट्या पावलांनी पायरी उतरला. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं झालं की सोपान पुन्हा तात्यांच्या अंगावर गेला, बरं झालं जवळ पिस्तूल होतं. मी ते खोडलं नाही. खरं सांगू? मला स्वतःला ते थोडं पटायला लागलं होतं. तो दिसला की छातीत धडधडायचं. मीच रचलेल्या धोक्याला मी भ्यायला लागलो होतो.

सोपाननं रान वाट्यानं दिलं आणि तो बायको-मुलीला घेऊन बावड्याला सासुरवाडीत गेला. तिकडं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जायचा, असं कानावर आलं. लायसन्सच्या नूतनीकरणाला मला चौकशीत विचारलं, धोका अजून आहे का? माणूस बावड्यात, मी लासुर्ण्यात, कित्येक महिने तोंडाला तोंड नाही. मी सांगितलं, आहे. त्यांनी लिहिलं — धोका कायम. मी सही केली.

त्यानंतर दोन वर्षांनी सोपान गेला. ट्रॅक्टरवरून उतरला, सावलीला बसला आणि उठलाच नाही. हार्ट अटॅक म्हणाले. त्याला मी मारलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे त्यातही स्वतःला मोठं करून घेणं. मी त्याचं नाव घेतलं, माझ्या हौसेसाठी वापरलं, आणि ते त्याला परत दिलं नाही. हे माझं. बाकी मला माहीत नाही.

इथंच थांबलो तर तुम्हाला वाटेल, सांगून झालं. झालेलं नाही. जे सांगायला मी बसलो ते अजून पुढंच आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मनीषा माझ्या दुकानात आली. सोपानची मुलगी. आता बारामतीत एका दवाखान्यात नर्स आहे. मी आधी ओळखलं नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली, मग पुढं येऊन म्हणाली, "तात्या, मी सोपानची मनीषा. एक बोलायचं हुतं."

मला वाटलं, आता ही जाब विचारणार. हात खिशाकडं गेलाच.

ती म्हणाली, "बाबा आधी म्हणायचं, मी त्यांच्यावर हात टाकला न्हाय. पण सगळं गावच सांगायचं, मग मला बी तसंच वाटलं. एकदा मी त्यांना म्हणलं, बाबा, तुमी तात्यांच्या अंगावर जायला नको हुतं. परत कधीच त्यांनी तो विषय काढला न्हाय. झालं ते झालं. तुमच्या मनात त्यांच्याबद्दल काय ऱ्हायलं असंल, तर त्यांच्या वतीनं मी माफी मागाय आलीया."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती माझ्या अगदी समोर उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं मला सावरलं होतं, पोरी — एवढंच. तिचा बाप तिला परत मिळाला असता. माझं काय झालं असतं? फार तर लायसन्स गेलं असतं, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. बस.

मी म्हणालो, "मी कवाच माफ केलंय त्याला."

तिचे डोळे भरले. ती वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती उठेपर्यंत तसाच राहू दिला. मग तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. ती चहा प्याली, माझ्या पोरांची चौकशी केली आणि बारामतीची एसटी पकडायला निघून गेली.

तिला ते एक वाक्य मी अजून सांगितलेलं नाही.