इशारा एकदाच लिहायचा असतो

बाबांचा माझ्यावर संशय होता आणि तो रास्त होता. मी पुस्तक लिहितोय असं सांगत होतो आणि घरात त्या पुस्तकाचं एकही पान नव्हतं.

कापसाच्या वाईट वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा यवतमाळात बियाणं बोगस निघायचं, औषध बोगस निघायचं. माणसं प्रसादाचा पेढाही फोडून बघायची. (बाबा तर ट्रेझरीतून रिटायर झालेले. ते फोडून, वास घेऊन, मग आईला आधी खायला द्यायचे!) अशा काळात नागपूरच्या एका फवारणी पंपाच्या कंपनीनं मला त्यांचं माहितीपुस्तक लिहायला दिलं. पसंत पडलं तर नोकरी! बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या माझी सगळी भिस्त त्यावर होती.

अट एकच, सलग लिहायचं नाही. प्रत्येक गोष्टीचा वेगळा तुकडा करायचा, त्याला 'हा इशारा', 'ही कृती' अशा कोनी कंसातल्या < > खुणा लावायच्या, मग संगणक ते तुकडे जोडून पुस्तक बनवतो. हे सगळं मी नुकताच शिकायला लागलो होतो.

"हे काय होय रे?" बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"इशारा. फवारताना तोंडाले फडकं बांधा म्हणून."

"अन् पुस्तक?"

"ते शेवटी तयार होते, बाबा."

"म्हणजे नाहीच!" बाबा आईकडे वळले. "कोण्या टोळीत तं नाही न गेला, विचार त्याले."

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या देवरावकाकांना घेऊन आले, पंचनाम्याला साक्षीदार आणावा तसे. मला संतापच आला. म्हटलं, दाखवतोच!

"हा इशारा मी एकाच जागी लिहिला. इथं बदलला का पुस्तकात सगळीकडे बदलते. सांगा, काय लिहू?"

"लिही," बाबा म्हणाले, "या पोरावर विश्वास ठेवू नये."

लिहिलं. बटण दाबलं. पंप जोडणे, औषध भरणे, नळी धुणे... प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर, धोक्याच्या त्रिकोणासकट, ठळक अक्षरांत तेच वाक्य!

"अबे, हे तं खरंच होऊन राह्यलं!" काका खुर्चीतून उठले.

"हातचलाखी आहे," बाबा म्हणाले. "आणखी लिही. दुकानदारावरही ठेवू नये."

"अन् पंप माह्या मोरीत धुवाल तं जेवाले भेटणार नाही!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. तेही लिहिलं, तेही सगळीकडे उमटलं.

विजयाच्या धुंदीत मी त्याच संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन पुस्तक नागपूरला पाठवलं. इशारा पूर्ववत करायचा राहूनच गेला!

आठवड्यानं फोन वाजला. बाबांनी उचलला.

"कोण बोलते? कोणती कंपनी? कशावरून?"

बरीच उलटतपासणी झाल्यावर फोन माझ्या हाती आला. पलीकडे कंपनीचे साहेब.

"'या पोरावर विश्वास ठेवू नये', हे प्रत्येक प्रकरणात कुणी लिहिलं?"

नोकरी गेली! "वडिलांनी, सर."

"आत्ता फोनवर होते तेच का?"

"हो, सर."

"लिहिणारी मुलं पुष्कळ मिळतात हो. तपासणारा माणूस मिळत नाही. ते येतील का, विचारता?"

बाबांनी आधी कंपनीची रीतसर चौकशी केली, मगच होकार दिला. मला घ्यावं की नाही, हे कंपनीनं त्यांनाच तपासायला दिलं. त्यांनी मला दोनदा नापास केलं!